सेल्फचा रिले: जुन्या गाडीला कोणता जोडावा?

जुन्या गाडीचा सेल्फ लागेनासा झाला की पहिला संशय बॅटरीवर जातो, दुसरा स्टार्टर मोटरवर. ती दोन्ही बदलून झाली आणि तरी टकटक चालूच राहिली, म्हणजे कोणीतरी रिलेचं नाव काढतं. मग पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत काश्मिरी गेट, अशी शोधाशोध सुरू होते. दुकानदार काउंटरवर तीन-चार डब्या मांडतो. किमतींत बरीच तफावत आणि दिसायला सगळे भाऊ-भाऊ. ‘हाच बसतो साहेब, सगळे हाच नेतात.’

सगळे हाच नेतात, आणि त्यातले बरेच जण पुन्हा त्याच दुकानात येतात. कारण जुन्या मोटारींच्या जगात ‘स्टार्टर रिले’ म्हणून किमान तीन वेगळ्या कामांच्या वस्तू विकल्या जातात. गाडीचं नाव सांगून रिले मागणं म्हणूनच अर्धवट आहे. आपल्या गाडीत बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतचा प्रवाह कोणत्या वाटेने जातो, हे आधी बघावं लागतं. वाट कळली की निवड फारशी उरतच नाही.

मुळात रिले लागतो कशाला? चार सिलिंडरचं साधं दीड लिटरचं इंजिन फिरवताना स्टार्टर मोटर शंभर-दीडशे अँपिअर ओढते, आणि थांबलेली मोटर हलते त्या पहिल्या क्षणी त्याच्या दुप्पट-तिप्पट. एवढा प्रवाह डॅशबोर्डवरच्या किल्लीतून न्यायचा तर तार बोटाएवढी जाड लागेल आणि किल्लीचे कॉन्टॅक्ट आठवड्यात जळतील. चार्ल्स केटरिंगचा विजेचा सेल्फ १९१२च्या कॅडिलॅकमध्ये आला, तेव्हापासून हा प्रश्न आहे. पहिली कित्येक वर्षं त्याचं उत्तर अगदी सरळ होतं: जाड तांब्याचा स्विच गाडीच्या तळाशी बसवायचा आणि चालकाने तो पायाने दाबायचा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये हीच सोय होती. महिंद्रांनी १९४७पासून मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, त्यामुळे पायाने सेल्फ मारणारी पिढी महाराष्ट्रातही होऊन गेली. अशा जीपचा मालक रिले शोधत आला तर त्याला परत पाठवावं. त्याच्या गाडीत रिले नाहीच. पायाखालचा स्विच उघडून तांबं घासलं, तर ती अजून वीस वर्षं चालेल.

पुढची पायरी म्हणजे पायाचं काम विद्युतचुंबकाकडे सोपवणं. डॅशबोर्डवर छोटं बटण किंवा किल्ली, तिच्यातून दोन-चार अँपिअरचा प्रवाह, त्या प्रवाहाने ओढली जाणारी तांब्याची चकती, आणि चकतीने जोडले जाणारे दोन जाड बोल्ट. हा सुटा सोलेनॉइड इंजिनच्या खोलीत भिंतीवर किंवा मडगार्डच्या आतल्या बाजूला बसतो, आणि स्टार्टरला एकच जाड तार जाते. मोटर फिरली की तिच्या दांड्यावरचं बेंडिक्स पिनियन जडत्वाने पुढे सरकून फ्लायव्हीलच्या रिंग गिअरमध्ये अडकतं. ही झाली पहिली वाट. साठीच्या दशकातल्या बहुतेक ब्रिटिश गाड्या या वाटेच्या. मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातली अँबॅसडर आणि ट्रायम्फ हेराल्डवरून आलेली आपली स्टँडर्ड हेराल्ड यांचाही मूळ वारसा हाच, लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीचा.

दुसरी वाट ‘प्री-एंगेज्ड’ स्टार्टरची. इथे सोलेनॉइड मोटरच्याच पाठीवर असतो आणि त्याला दोन कामं: आधी तरफेने पिनियन पुढे ढकलायचं, मग मोटरला प्रवाह द्यायचा. म्हणून त्याच्यात दोन वेटोळी असतात, एक ओढणारं आणि एक धरून ठेवणारं. ओढणाऱ्या वेटोळ्याचा प्रवाह क्षणभरासाठी तीस-चाळीस अँपिअरपर्यंत जातो. कॉन्टॅक्ट जुळले की त्या वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज येतं, ते आपोआप गप्प होतं आणि धरणारं वेटोळं थोडक्या प्रवाहावर काम चालवतं. रचना सुंदर आहे, पण सुरुवातीचे तीस-चाळीस अँपिअर किल्लीतूनच यायचे असतात. गाडी नवी असताना ते येतात. पन्नास वर्षांनी किल्लीचे कॉन्टॅक्ट काळवंडलेले, तारेचे जोड हिरवे पडलेले, आणि सोलेनॉइडपाशी पोचतात जेमतेम आठ-नऊ व्होल्ट. मग चकती अर्ध्यावर येऊन थांबते.

तिसरी वाट म्हणजे दुसरीवरचा उतारा. किल्ली आणि सोलेनॉइड यांच्यामध्ये एक छोटा रिले घालायचा, म्हणजे किल्लीवर केवळ पाव अँपिअरच्या आतलं ओझं राहतं. काही कारखान्यांनी हे स्वतःच केलं. एमजीबी १९६७च्या अखेरीस मार्क टू झाली तेव्हा तिला प्री-एंगेज्ड स्टार्टर मिळाला, आणि सत्तरच्या दशकातल्या एमजीबीत वेगळा स्टार्टर रिलेही आला. फोक्सवॅगन बीटलच्या मालकांनी मात्र ते घरी केलं. बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली, इंजिन मागे, किल्ली पुढे. म्हणजे स्टार्टरचा हुकूम आधी पुढे जाऊन मग पुन्हा मागे येतो. लांब वाट, जुने जोड आणि तापलेला स्टार्टर, त्यामुळे थंड बीटल सुरू होते आणि पेट्रोल पंपावर थांबवलेली गरम बीटल रुसते. स्टार्टरजवळ बसवलेला एक रिले हा त्यावरचा जगभर मान्य उपाय आहे.

तर पहिल्या वाटेला लागतो शेकडो अँपिअर पेलणारा सोलेनॉइड, आणि तिसऱ्या वाटेला डबीएवढा रिले. दुसऱ्या वाटेला बाहेरचं काहीच लागत नाही. लागलंच तर ती तिसरी होते. दुकानात या सगळ्यांना ‘रिले’च म्हणतात, काही ठिकाणी ‘कटआऊट’ही म्हणतात, आणि गोंधळ तिथून सुरू होतो. डबीएवढा चाळीस अँपिअरचा रिले पहिल्या वाटेवर बसवला तर पहिल्याच सेल्फला त्याचे कॉन्टॅक्ट चिकटतील.

पहिल्या वाटेची खरेदी सगळ्यांत अवघड आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबू.

पहिला मुद्दा व्होल्टेजचा. पन्नाशीच्या दशकातल्या अनेक गाड्या सहा व्होल्टच्या, आणि त्यातल्या कितीतरी नंतर कोणीतरी बारा व्होल्टच्या केलेल्या. बारा व्होल्टचा सोलेनॉइड सहावर ओढलाच जाणार नाही. सहाचा बारावर लावला तर वेटोळ्यात चौपट उष्णता होईल. दोन-चार सेल्फ तो सहन करेल, मग जळेल. बॅटरी बारा व्होल्टची आहे म्हणून सोलेनॉइडही बाराचाच असेल असं धरून चालू नये.

दुसरा मुद्दा बाहेरून दिसतच नाही, आणि सर्वाधिक फसवणूक त्यातच होते. फोर्ड पद्धतीचा गोल पोटाचा, दोन जाड बोल्टांचा सोलेनॉइड आज जगात कुठेही मिळतो. तंतोतंत त्याच साच्यात दोन जाती निघतात. एक क्षणिक कामाची: तिचं वेटोळं तीन ते पाच ओहमचं, ओढ जोरदार, पण मिनिटभर चालू ठेवली तर हात लावता येणार नाही इतकी तापते. दुसरी सततच्या कामाची: वेटोळं पंधरा-सोळा ओहमच्या आसपास, तासन्‌तास चालू राहते, पण स्टार्टरचा पहिल्या क्षणाचा धक्का झेलण्यासाठी तिची रचना नसते. ही दुसरी जात दोन बॅटऱ्या जोडण्यासाठी किंवा तशाच कामांसाठी असते. रंग, आकार, बोल्ट सगळं सारखं. दुकानातच मल्टिमीटर लावून वेटोळ्याचा रोध मोजणं एवढीच खात्रीची परीक्षा. दुकानदार हसला तर हसू द्यावं.

तिसरा मुद्दा अर्थिंगचा. अनेक सोलेनॉइडांचं वेटोळं एका टोकाने छोट्या टर्मिनलला आणि दुसऱ्या टोकाने स्वतःच्याच धातूच्या अंगाला जोडलेलं असतं. म्हणजे ज्या पत्र्यावर तो स्क्रूने बसतो तोच त्याचा अर्थ. नव्याने रंगवलेल्या गाडीत सेल्फ बंद पडण्याचं हे अगदी ठरलेलं कारण. लाखभर रुपये खर्चून केलेल्या रंगावर मालकाला ओरखडा नको असतो, आणि सोलेनॉइडला नेमका तेवढाच उघडा पत्रा हवा असतो. याच्या उलट काही प्रकारांत वेटोळ्याची दोन्ही टोकं वेगवेगळ्या टर्मिनलांवर असतात आणि अंग अलिप्त. आणखी एक जुनी पद्धत फोर्डच्या सहा व्होल्टच्या गाड्यांत होती: वेटोळ्याला वीज आतूनच बॅटरीच्या बोल्टवरून मिळते, आणि डॅशबोर्डचं बटण छोट्या टर्मिनलला अर्थ देतं. त्या जागी पुढच्या काळाचा सोलेनॉइड बसवला तर बटण दाबून काहीच होत नाही. मालक सोलेनॉइडला दोष देतो आणि तो बिचारा पूर्ण शाबूत असतो.

चौथा मुद्दा चौथ्या टर्मिनलचा. काही गाड्यांची इग्निशन कॉइल सुमारे दीड ओहमची असते आणि एरवी तिच्या वाटेत बॅलास्ट रेझिस्टर असतो. सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज पडतं, ठिणगी मंदावते; म्हणून तेवढ्या वेळापुरती बॅलास्टला वळसा घालून कॉइलला थेट वीज द्यायची सोय सोलेनॉइडवरच्या जादा टर्मिनलने होते. फोर्डवर त्याला ‘आय’ म्हणतात, आणि किल्लीकडून हुकूम येतो ते टर्मिनल ‘एस’. जादा टर्मिनल नसलेला सोलेनॉइड बसवला तर इंजिन फिरतं पण पेटत नाही, आणि किल्ली सोडता सोडता एखाद्या वेळी भुर्रकन पेटतं. हे लक्षण दिसलं की कार्ब्युरेटर उघडण्याआधी ही तार तपासावी. चुकून कॉइलची तार ‘एस’वर जोडली, तर प्रकार याहून वाईट. किल्ली नुसती ‘ऑन’ केली की कॉइलकडची वीज उलटी सोलेनॉइडमध्ये शिरते, सेल्फ आपोआप फिरू लागतो आणि किल्ली बंद करेपर्यंत थांबत नाही. गाडी गिअरमध्ये असेल तर ती चालायलाच लागते. ज्या गाडीची कॉइल तीन ओहमच्या आसपासची आहे आणि बॅलास्ट नाही, तिथे जादा टर्मिनल मोकळं ठेवायचं, त्यावर रबरी टोपी घालायची आणि विसरून जायचं.

धन अर्थची, म्हणजे बॅटरीचं धन टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असण्याची, भीती मात्र लोकांना उगाच वाटते. एमजीबी मार्क टू होईपर्यंत धन अर्थचीच होती, आणि त्या काळच्या कितीतरी ब्रिटिश गाड्या तशाच. सोलेनॉइडच्या वेटोळ्याला प्रवाह कुठून कुठे गेला याने काही फरक पडत नाही. चुंबक दोन्ही बाजूंनी ओढतं. अपवाद एकच: ज्या आधुनिक छोट्या रिलेच्या आत वेटोळ्याला समांतर डायोड असतो, तो उलटा जोडला तर सरळ शॉर्ट होतो. अशा रिलेवर ८६ क्रमांकाचं टर्मिनल धन बाजूला आणि ८५ ऋण बाजूला जावं लागतं. धन अर्थच्या गाडीसाठी डायोड नसलेला रिले मागून घ्यावा, म्हणजे हा हिशेबच नको.

आता वस्तूचा दर्जा. सोलेनॉइडचं आयुष्य चकतीच्या आणि बोल्टच्या तांब्यावर असतं. दर वेळी ठिणगी उडते, तांब्यावर खड्डे पडतात, एक दिवस कॉन्टॅक्ट लागत नाहीत किंवा चिकटून सुटत नाहीत. नव्या स्वस्त प्रतींपैकी काहींत बोल्ट पोलादाचे आणि वरून तांब्याचा मुलामा असतो. खिशात छोटं चुंबक ठेवावं. बोल्टला चिकटलं तर डबी परत द्यावी. बेकेलाइटऐवजी मऊ प्लास्टिक असेल तर नट आवळताना बोल्टच फिरतो आणि आतली जोडणी तुटते. म्हणून नट आवळताना आतला नट दुसऱ्या पान्याने धरावा. हे चांगल्या सोलेनॉइडलाही लागू आहे.

माझं मत विचाराल तर सुट्या लुकास सोलेनॉइडच्या बाबतीत पहिली पसंती नव्याला नाही. जुना मूळचा सोलेनॉइड उघडता येण्याजोगा असेल, तर तो चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून उघडून घ्यावा. चकती उलटी फिरवली की तिची न वापरलेली बाजू कामाला येते. बोल्टची तोंडं कानशीने सपाट करता येतात. वेटोळं तर बहुधा ठणठणीतच असतं. लुकास-टीव्हीएस १९६१पासून मद्रासला उभी आहे, त्यामुळे या घराण्याच्या स्टार्टरांवर हात बसलेले कारागीर आपल्याकडे अजून आहेत. इंग्लंड-अमेरिकेत एवढ्या कामाला जी मजुरी पडते तिच्यात नवा सुटा भाग येतो, म्हणून तिकडचे लोक तो फेकतात. आपल्याला फेकायची गरज नाही. जुन्या लुकास सोलेनॉइडच्या पाठीवर रबरी बटणही असतं, बॉनेटखालूनच इंजिन फिरवण्यासाठी; टॅपेट जुळवताना ते फार उपयोगी पडतं. नव्या बऱ्याच प्रतींत ते नसतं. मात्र ते बटण किल्ली बंद असतानाही चालतं, तेव्हा गाडी न्यूट्रलमध्ये आहे हे दोनदा बघूनच अंगठा ठेवावा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेवर माझा कौल उलटा. तिथे मूळपणाचा हट्ट धरू नये. साधा चार टर्मिनलचा रिले घ्यावा, पण तीस अँपिअरचा नको. ओढणाऱ्या वेटोळ्याचा पहिला झटका त्याला काठावर नेतो. निदान चाळीसचा, मिळाला तर सत्तरचा. स्टार्टरच्या बॅटरीकडच्या बोल्टवरून चार चौरस मिलिमीटरची तार रिलेच्या ३०वर, ८७वरून तशीच तार सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलवर, किल्लीकडून आलेली जुनी तार ८६वर, आणि ८५ला नीट घासलेला अर्थ. मूळची एकही तार कापायची नाही, म्हणजे उद्या कोणाला गाडी जशीच्या तशी हवी असेल तर पाच मिनिटांत परत करता येईल. रिले चिखल-पाण्यापासून दूर आणि टर्मिनलं खाली तोंड करून बसवावा. आपल्या पावसाळ्यात तोंड वर असलेला रिले म्हणजे पाण्याची वाटी.

अलीकडे आणखी एक प्रकार दिसतो: जुन्या गाडीला गिअर-रिडक्शनचा नवा छोटा स्टार्टर. तो हलका असतो, प्रवाह कमी घेतो, इंजिन वेगाने फिरवतो. पण फोर्ड पद्धतीच्या गाडीत बाहेरचा सोलेनॉइड आधीच असतो आणि नव्या स्टार्टरच्या पाठीवर स्वतःचा असतो. काही जण स्टार्टरची दोन्ही टर्मिनलं पट्टीने जोडतात आणि बाहेरच्या सोलेनॉइडने दोन्हींना एकदम वीज देतात. या स्टार्टरमध्ये कायमचं चुंबक असेल तर किल्ली सोडल्यावर फिरत राहिलेली मोटर क्षणभर स्वतःच वीज निर्माण करते, त्या विजेवर स्वतःचाच सोलेनॉइड धरून ठेवते आणि पिनियन उशिरा सुटतं. इंजिन पेटल्यावर येणारा कर्कश आवाज त्याचा. इथे बॅटरीची जाड तार थेट स्टार्टरला द्यावी आणि बाहेरच्या सोलेनॉइडने फक्त छोट्या टर्मिनलला हुकूम द्यावा. मडगार्डवरचा जुना चेहरा तसाच राहतो आणि त्याचं काम तिसऱ्या वाटेवरच्या रिलेचं होतं.

मूळपणाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. केंद्र सरकारने २०२१मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेच्या नोंदणीचे नियम आणले. गाडी मूळ स्वरूपात असावी अशी त्यात अट आहे, पण तिचा रोख चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिन यांतल्या बदलांवर आहे. बॉनेटखाली लपवलेल्या रिलेने ती अट मोडत नाही. प्रदर्शनातले परीक्षक काय म्हणतील हा भाग वेगळा. त्यांच्यासाठी जुना सोलेनॉइड भिंतीवर असावा आणि तो चालूही असावा.

हे सगळं खरेदीचं झालं. पण खरेदीआधी अर्ध्या तासाची एक तपासणी केली तर कितीतरी वेळा खरेदी टळते. गॅरेजमधली आवडती परीक्षा म्हणजे सोलेनॉइडचे दोन जाड बोल्ट स्क्रू ड्रायव्हरने जोडणं. ती चालते, पण बोल्टचं तांबं वितळवते आणि बॅटरीजवळ ठिणगी उडवते, जिथे हायड्रोजन असतो. त्यापेक्षा मल्टिमीटर घ्यावा. इंजिन पेटू नये म्हणून कॉइलची तार काढून, एकाला सेल्फ मारायला सांगून, व्होल्ट मोजावेत. बारा व्होल्टच्या गाडीत बॅटरीच्या दोन टोकांवर साडेनऊच्या खाली गेले तर दोष बॅटरीचा, किंवा जड झालेल्या मोटरचा. मग सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये मोजावं: सेल्फ फिरत असताना तिथे ०.२ ते ०.३ व्होल्टहून अधिक दिसले, तर कॉन्टॅक्ट खलास, सोलेनॉइड काढा. त्याहून कमी असतील तर त्याला हात लावू नका. आणि शेवटी बॅटरीच्या अर्थच्या टोकापासून इंजिनच्या धातूपर्यंत मोजावं. इथे अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले, तर इंजिन आणि चॅसिस यांना जोडणारी पट्टी कुजलेली किंवा चक्क गायब आहे. इंजिन दुरुस्तीनंतर ती परत लावायला विसरणं हे आपल्याकडे सर्रास चालतं. मग स्टार्टरचा सगळा प्रवाह चोकच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारताना चोकच्या केबलमधून धूर दिसला तर रिले बदलून काहीही होणार नाही.

छोट्या टर्मिनलवरही मोजावं. सेल्फच्या वेळी तिथे दहाहून बरेच कमी व्होल्ट येत असतील तर किल्ली किंवा तिची तार थकलेली आहे; सुट्या सोलेनॉइडच्या गाडीत ती दुरुस्त करा, प्री-एंगेज्डच्या गाडीत रिले घाला.

आणि यातलं काहीही उघडण्याआधी बॅटरीची अर्थची तार काढून ठेवा, मग ती धन असो वा ऋण. जुन्या गाड्यांत बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतच्या जाड तारेवर फ्यूज नसतो.